वेलीच्या शेंगांसाठी सहा बादल्यांचा हायड्रोपोनिक संच: इंदूरच्या गच्चीवरची पारख

या संचात पैसे वसूल होतात ते सहा काळ्या बादल्यांमुळे आणि त्यांच्या तळाशी बसवलेल्या निचऱ्याच्या एल्बोमुळे. पंप, ड्रिपर, जाळी, पोषक द्रावणाच्या बाटल्या आणि बियाणं यांतलं निम्मं सामान बदलावं लागतं. तरीही मातीविना फरसबी, चवळीच्या शेंगा किंवा वाल घ्यायचे असतील तर घरगुती प्रकारांत आम्ही हाच सुचवू.

हायड्रोपोनिक म्हटलं की बहुतेकांना पांढऱ्या पाइपांची शिडी आठवते. त्या पाइपांतून पाण्याचा पातळ थर सतत वाहतो आणि पालक, लेट्यूस, पुदिना त्यावर छान पोसतात. शेंगवेलीचं गणित वेगळं आहे. महिना-दीड महिन्यात तिच्या मुळांचा जाड गुंता होतो आणि तीन इंची पाइप आतून तुंबतो. वरच्या बाजूला पाणी साचून गळायला लागतं, खालच्या बाजूची मुळं कोरडी पडतात. वेलाचा भार पाइपावर येतो तो वेगळाच. सर्वात मोठी अडचण मात्र विजेची. एप्रिलच्या दुपारी पंप दोन तास बंद राहिला तर पाइपातल्या वेली माना टाकतात. बादलीत आठ-नऊ लिटर ओलं माध्यम असतं आणि तळाशी पाण्याचा छोटा साठा असतो, त्यामुळे तेवढ्या वेळात वेलाला काही जाणवतही नाही. शेंगवेलीसाठी बादलीच घ्या, हे आमचं मत या एका कारणावर ठाम आहे.

खोक्यातून निघतं ते असं: अकरा लिटरच्या सहा चौकोनी बादल्या, ४० मिलिमीटरचा निचऱ्याचा पाइप, ६० लिटरची टाकी, १८ वॅटचा पाण्यात बुडणारा पंप, १६ मिलिमीटरची लॅटरल नळी, सहा ड्रिपर, दोन किलोची कोकोपीटची वीट, दहा लिटर परलाइट (माध्यम मोकळं ठेवणारे हलके पांढरे दाणे), 'ए' आणि 'बी' द्रावणाच्या बाटल्या, सायट्रिक अॅसिडची पुडी, पाण्यातले क्षार मोजणारं टीडीएसचं पेन, चार फुटी चौकट आणि नायलॉनची जाळी. सोबत बियांचं पाकीट. हा सगळा पसारा साडेसहा हजारांच्या घरात जातो. जोडणीला दोन माणसं आणि एक दुपार पुरते.

बादलीचं प्लास्टिक जाड आहे, उन्हात ठिसूळ होईल असं वाटत नाही. मागच्या बाजूला खाली खोबण आहे, ती निचऱ्याच्या पाइपावर चपखल बसते. आत दोन एल्बो एकात एक घालून पाणी वाकून बाहेर जाईल अशी रचना आहे. त्यामुळे तळाशी जेमतेम तीन सेंटिमीटर पाणी कायम राहतं आणि त्यावरचं सगळं निथळून टाकीत परततं. मुळांना ओल आणि हवा दोन्ही मिळतात ती या तीन सेंटिमीटरांच्या हिशेबामुळे. हाच एल्बो कोकोपीटच्या भुशाने तुंबतो. तुंबल्याची खूण म्हणजे एका बादलीचा निचरा थांबतो आणि वरचं माध्यम चिखलासारखं दिसू लागतं. भरतानाच एल्बोच्या तोंडाला मच्छरदाणीचा दुहेरी तुकडा बांधावा आणि तळाशी तीन सेंटिमीटर भाजलेल्या मातीच्या गोळ्या किंवा धुतलेली गिट्टी पसरावी. संचात यांतलं काही नाही आणि पुस्तिकेत उल्लेखही नाही. ही चूक लहान नाही, कारण भरलेली बादली वेलीसकट रिकामी करणं म्हणजे वेल गमावणंच.

माध्यमही कमी पडतं. सहा बादल्या प्रत्येकी नऊ लिटर भरायच्या तर ५४ लिटर हवं. दोन किलोची वीट फुलून पंचवीस-सव्वीस लिटर होते, त्यात दहा लिटर परलाइट मिळवलं तरी छत्तीसच्या पुढे जात नाही. खालच्या गोळ्यांचा थर धरूनही बारा-तेरा लिटरची तूट राहते. पाच किलोची एक वीट आणि परलाइटची मोठी पिशवी आधीच आणून ठेवा. प्रमाण निम्मं कोकोपीट, निम्मं परलाइट. परलाइट ओतण्याआधी पिशवीतच पाणी शिंपडा आणि नाकातोंडाला रुमाल बांधा, त्याची पांढरी धूळ छातीत जाऊ देऊ नका.

कोकोपीट नुसतं भिजवून वापरायचं नाही. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियम धरून ठेवलेलं असतं. ते सुटून पाण्यात येतं आणि त्याच्या जागी द्रावणातलं कॅल्शियम काथ्या ओढून घेतो. मग महिन्याभरात कोवळी पानं वेडीवाकडी येतात आणि माळी खताला दोष देतो. साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा, निथळणाऱ्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं डेसिसीमेन्समधलं माप) ०.५ च्या खाली येईपर्यंत. मग लिटरला दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा आणि सकाळी पुन्हा एकदा धुवा. एवढं केलं की माध्यमाकडून त्रास होत नाही.

पाणी आणि पंप

इंदूरमध्ये पाण्याची निवड म्हणजे नर्मदेचा नळ की बोअरिंग. नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून येतं आणि बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड मिळतं. ते त्या दिवशी भरून उघड्या टबात रात्रभर ठेवलं की क्लोरीनचा बराच भाग उडतो. बोअरिंगचं पाणी वापरण्याआधी पेन बुडवून पाहा. आकडा ४०० पीपीएमच्या वर असेल तर फरसबीसाठी ते सरळ वापरू नका, आरओच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा. फरसबी खारटपणाला फार हळवी आहे. जमिनीतली क्षारता १ डेसिसीमेन्सच्या पुढे गेली की तिचं उत्पन्न घटू लागतं. चवळीची हीच मर्यादा ४.९ आहे. म्हणून ज्यांच्याकडे फक्त बोअरिंग आहे त्यांनी फरसबीचा हट्ट सोडून चवळी लावावी. मंडीत तिलाच बरबटी म्हणतात.

पेनबद्दल एक सावधगिरी. पुस्तिकेत 'द्रावण १२०० पीपीएम ठेवा' एवढंच लिहिलंय, मापनपट्टी कोणती ते नाही. काही पेनं ईसीला ५०० ने गुणून पीपीएम दाखवतात, काही ७०० ने. ५०० च्या पट्टीवर १२०० म्हणजे ईसी २.४, आणि ७०० च्या पट्टीवर १.७. फरसबीसाठी हा फरक म्हणजे करपलेलं पान आणि निरोगी पान यांतला फरक आहे. ईसी थेट दाखवणारं पेन घ्यावं. संचात पीएच मोजायला काहीच दिलेलं नाही, तेही वेगळं घ्यावं लागेल. सोबत ४ आणि ६.८६ च्या प्रमाण द्रावणाच्या पुड्या घ्या आणि पंधरा दिवसांतून एकदा पेन त्यावर जुळवा.

आता या संचातला सर्वात मोठा दोष. दिलेले ड्रिपर दाब-नियंत्रित आहेत, शेतातल्या ठिबकावर असतात तसे. असा ड्रिपर नीट चालायला साधारण अर्धा ते एक बार दाब लागतो, म्हणजे पाच ते दहा मीटर पाण्याची उंची. संचातला पंप १.८ मीटरपर्यंतच पाणी चढवतो. दाब ०.२ बारच्याही खाली. परिणामी पहिल्या दोन बादल्यांत थेंब पडतात, शेवटच्या दोन कोरड्याच राहतात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की पंप बिघडला. पंप ठीक आहे, जोडी चुकीची आहे. सहाही ड्रिपर काढून ठेवा. त्यांच्या जागी ४ मिलिमीटरची मायक्रोट्यूब लावा, प्रत्येक बादलीला बरोबर ६० सेंटिमीटर, जवळच्या बादलीलाही तेवढीच. लांबी सारखी असली की प्रवाह जवळजवळ सारखा पडतो. तरी फरक राहिला तर जास्त पाणी घेणाऱ्या नळीला छोटा कॉक लावा. सगळं मिळून शंभर-दीडशे रुपयांचं काम, आणि सामान ठिबकाच्या कुठल्याही दुकानात मिळतं. विकणाऱ्याने हे स्वतःच करून दिलं असतं तर संचाची अर्धी तक्रार मिटली असती.

ट्यूब लावल्यावर मोजमाप एकदा करा. मापाचा पेला धरून एका मिनिटात किती पाणी पडतं ते प्रत्येक बादलीला पाहा. मिनिटाला दीडशे ते दोनशे मिली चांगलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवसातून चार-पाच वेळा पाच-पाच मिनिटं, मार्चमध्ये सात-आठ वेळा. रात्री पाणी देऊ नका. टायमर संचात नाही, साधा काट्यांचा पंधरा मिनिटांच्या टप्प्यांचा घेतला तरी चालतो. दर तासाला पंधरा मिनिटं असं दिवसभर बारा तास चालवलं तरी १८ वॅटचा पंप महिन्याला दीड-पावणेदोन युनिट वीज घेतो, त्यामुळे बिलाची काळजी नको.

टाकी अर्धपारदर्शक आहे. गच्चीवर आठ दिवसांत तिच्या आत हिरवं शेवाळ धरतं, ते पंपाची जाळी बंद करतं आणि रात्री पाण्यातला प्राणवायू खातं. बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग मारा: काळा उजेड अडवतो, पांढरा ऊन परतवतो. पाण्याचं तापमान २५ अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे. २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६, आणि नेमकं त्याच वेळी गरम मुळांना तो जास्त लागतो. मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली आणि टाकीला सडका वास आला तर समजा पिथियम बुरशीने घर केलं. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात यावर जुना उपाय चालतो: टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळायचं, जसं माठाला गुंडाळतात. दुपारी बर्फाच्या दोन बाटल्या तरंगत सोडल्या तर आणखी बरं.

द्रावण

'ए' आणि 'बी' बाटल्या पालेभाजीच्या हिशेबाने बनवलेल्या आहेत. लिटरला पाच-पाच मिली ही पुस्तिकेतली मात्रा नर्मदेच्या पाण्यात घातली की ईसी २.६ च्या वर जाते आणि नत्र भरपूर असतो. वेल दृष्ट लागेल अशी फोफावते, पानं गडद हिरवी, तळहाताएवढी, आणि फुलं मात्र दुर्मिळ. शेंगवर्गीय पीक हवेतलं नत्र घेतं म्हणून मुळांवर गाठी आणणाऱ्या जीवाणूंचं कल्चर टाकणारेही आहेत. द्रावणात नायट्रेट तयार असलं की मुळं गाठी बनवतच नाहीत, आणि फरसबी तर मुळात या कामात कमकुवत आहे. कल्चरचे पैसे वाचवा.

संचातल्या बाटल्या वापरायच्या तर निम्म्या मात्रेत, फुलं येईपर्यंत. त्यापेक्षा खताच्या दुकानातून सुटी विद्राव्य खतं (नावातले तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) आणणं स्वस्तही पडतं आणि हातात नियंत्रणही राहतं. टाकीत ५० लिटर पाणी धरून वाढीच्या काळात: कॅल्शियम नायट्रेट ३० ग्रॅम, तेरा-शून्य-पंचेचाळीस १२ ग्रॅम, शून्य-बावन्न-चौतीस ९ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम, चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण २ ग्रॅम आणि चिलेटेड लोह, ईडीडीएचए प्रकारचं, दीड ग्रॅम. नर्मदेच्या पाण्यात हे ईसी १.८ च्या आसपास नेतं. पहिल्या कळ्या दिसल्या की तेरा-शून्य-पंचेचाळीस ५ ग्रॅमवर आणा आणि शून्य-शून्य-पन्नास १२ ग्रॅम घाला. नत्र थोडं घटतं, पालाश वाढतं, कॅल्शियम तेवढंच राहतं. सूक्ष्म अन्नद्रव्यं अंदाजाने टाकू नका, बोरॉन थोडं जास्त झालं तरी फरसबीच्या पानांच्या कडा करपतात.

कॅल्शियम नायट्रेट एका तांब्यात विरघळवा, बाकीची सगळी दुसऱ्या तांब्यात. दोन्ही दाट द्रावणं एकत्र ओतली की दुधासारखा पांढरा गाळ बसतो: कॅल्शियमचं सल्फेट आणि फॉस्फेट. तो वेलाच्या कामाचा नाही, मायक्रोट्यूब मात्र बंद करतो. भरलेल्या टाकीत एक ओतून ढवळा, मग दुसरं ओता.

रोप गुडघ्याएवढं होईपर्यंत ईसी १.० ते १.२ पुरे, वेल चढू लागली की १.६ ते १.८, फुलोऱ्यात २.०. इंटरनेटवरच्या तक्त्यांत बीन्ससाठी २ ते ४ लिहिलेलं आढळतं, आमचा सल्ला २.४ कधीही ओलांडू नये असा आहे. रोज सकाळी पेन बुडवा. पाणी उतरलं आणि ईसी चढली असेल तर फक्त साधं पाणी घाला, वेल खतापेक्षा पाणी जास्त पितेय. दोन्ही उतरलं असेल तर अर्ध्या मात्रेचं द्रावण घाला. बारा-चौदा दिवसांनी टाकी रिकामी करून नवं भरा, जुनं पाणी कुंड्यांना चालतं.

पीएच ५.८ ते ६.५ मध्ये हवा. सायट्रिक अॅसिडने तो पटकन उतरतो, पण सूक्ष्मजीव ते खातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडा पुन्हा ७ च्या वर. पातळ केलेलं फॉस्फोरिक अॅसिड टिकतं. हातमोजे घाला, आणि अॅसिड पाण्यात ओता, अॅसिडवर पाणी कधीच नाही. पीएच चढलेला राहिला की शेंड्याची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता. हीच जाळी खालच्या जुन्या पानांवर दिसली तर मॅग्नेशियम कमी पडतंय. पानांच्या कडा वाळल्या तर आधी ईसी पाहा.

बी आणि हंगाम

पाकिटावर फक्त 'बीन्स' लिहिलेलं आहे. बाजारात बीन्सच्या नावाने मिळणारं बरंचसं बियाणं झुडपी असतं. अर्का कोमल किंवा कन्टेन्डर लावून वेलीची वाट पाहणं व्यर्थ, ती दीड-दोन फुटांवर थांबतात. वेलीची फरसबी हवी तर केंटकी वंडर मागा. चवळीत अर्का मंगला ही बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची जात उंच चढते आणि तिच्या शेंगा हातभर लांब येतात.

वालाबद्दल विशेष सांगायला हवं. इथे ज्याला बालोर म्हणतात तो वाल दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतो. फेब्रुवारीत लावलेला जुन्या जातीचा वाल पावसाळाभर कठडा झाकून टाकतो आणि ऑक्टोबरपर्यंत एक शेंग देत नाही. दोष संचाचा नसतो. त्याला जून-जुलैत लावा, तोडणी हिवाळ्यात. आठ महिने बादली अडवायची नसेल तर तो जमिनीतच बरा.

फरसबीचा इंदुरी हंगाम म्हणजे १५ सप्टेंबर ते १० ऑक्टोबरची पेरणी. नोव्हेंबरच्या उबदार दुपारी आणि थंड रात्री तिला मानवतात, पहिली तोडणी साठ-पासष्ट दिवसांत. दुसरी संधी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. पारा ३४-३५ च्या पुढे राहू लागला की कळ्या गळतात, आणि रात्रही गरम असेल तर एक शेंग धरत नाही. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या या शहराला शब-ए-माळव्याचं, म्हणजे माळव्याच्या गार रात्रींचं, देणं आहे. दिवसा कितीही तापलं तरी मार्चची रात्र निवते, म्हणून इथे वसंतातली फरसबी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांपर्यंत तग धरते. मार्चअखेर ३५ टक्क्यांची हिरवी जाळी वर ताणा. त्यानंतर बादल्या चवळीला द्या. तिला ऊन लागतंच.

बी रात्रभर भिजवू नका. फरसबीचं बी पाणी झपाट्याने ओढतं, त्यात डाळिंब्या तडकतात आणि बी कुजतं. चार तास पुरे, न भिजवता पेरलं तरी चालतं. रोप लावण्यापेक्षा बी थेट बादलीतच टोका: दोन सेंटिमीटर खोल, बादलीला तीन, आणि उगवल्यावर सर्वात कमजोर रोप मुळापाशी कात्रीने कापा. उपटलं तर शेजारचीही मुळं दुखावतात. सहाव्या-सातव्या दिवशी वाकलेल्या मानेचा फिकट आकडा वर येतो, दोन दिवसांत मान सरळ होते. या दोन दिवसांत वरून पाणी शिंपडू नका आणि चिमण्यांपासून जपा.

संचातली जाळी आणि चौकट शेंगवेलीसाठी निरुपयोगी आहेत. चौकट चार फूट, वेल आठ ते दहा फूट. जाळी आहे काकडी-दोडक्यासारख्या तणाव्याने धरणाऱ्या वेलींची. फरसबीला तणावे नसतात, ती अख्ख्या देहाने वळसे घेत चढते. तिला हवी खरखरीत, पेन्सिलीहून बारीक, उभी वस्तू. सुतळीसारखं दुसरं काही नाही. गच्चीच्या कठड्याला किंवा भिंतीतल्या हुकांना साडेसात फुटांवर लोखंडी पाइप आडवा बांधा आणि प्रत्येक वेलाला एक सुतळी सोडा. खालचं टोक बादलीच्या कडेला बांधा, खोडाला नाही. शेंड्याकडे जरा वेळ बघत राहिलं तर दिसतं की तो आधार शोधत गोल फिरतो, वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट. हाताने वळवायची वेळ आली तर त्याच दिशेने वळवा. उलट गुंडाळलेली वेल दुसऱ्या सकाळी सुटून खाली लोंबत असते. मे-जूनच्या वावटळीत भरलेली वेल शिडासारखी वारा धरते, म्हणून चवळीच्या हंगामात आडवा पाइप दोन्ही टोकांना तारेने पक्का आवळा. पाइपाशी पोचल्यावर शेंडा खुडा, बगलेतून फुलांच्या फांद्या फुटतात.

फरसबीचं फूल उमलण्याआधीच आतल्या आत परागित होतं, त्यामुळे माशी-भुंग्यांची वाट पाहायला नको. कुंचला फिरवायचीही गरज नाही. फुलं गळत असतील तर उष्णता, जास्त नत्र किंवा मुळांची कोरड यांपैकी एक कारण नक्की.

उन्हाळ्यात पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि मागे तलम जाळं दिसलं की लाल कोळी आला. पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा तीन-चार दिवस लागोपाठ मारा. त्याने बरीचशी कीड धुवून जाते. मग संध्याकाळी लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, थोडा पातळ साबण घालून. चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा हमखास येतो, तिथेही हेच. पांढऱ्या माशीने पिवळा मोझॅक आणला तर ते रोप काढून टाका, औषध नाही.

पावसाळ्यात बादल्यांवर जाड प्लास्टिकची कॉलर घाला, खोडापुरती चीर ठेवून. नाहीतर एका जोरदार सरीत सहाही बादल्यांतलं पाणी टाकीत उतरतं, टाकी ओसंडते आणि द्रावण नुसतं पाणी होतं. भरलेली बादली सात-आठ किलो, टाकी साठ. गच्चीला हा भार काहीच नाही, पुढे काढलेल्या गॅलरीत मात्र टाकी भिंतीलगत ठेवा.

उत्पन्नाचं म्हणाल तर दोन वेलांच्या एका बादलीतून सगळ्या तोडण्या मिळून किलोभर फरसबी चांगली समजावी. चोइथराम मंडीच्या भावाशी तुलना केली तर संच वर्षा-दोन वर्षांत वसूल होत नाही. ज्याला हिशेब तोच आहे त्याने घेऊ नये. दर दुसऱ्या दिवशी तोडायची, बी फुगायच्या आत, मोडली की कट्कन आवाज येईल अशी शेंग. ती बाजारात मिळत नाही, कारण एवढी कोवळी शेंग वाहतुकीत सुकते. तोडणी चुकवून शेंगा जून होऊ दिल्या की वेल फुलं धरणं थांबवते.

विक्रेत्याची सेवा मध्यम म्हणावी. माल नीट बांधून येतो, फुटलेली बादली बदलून देतात. ड्रिपरच्या प्रश्नाला मात्र 'पंप मोठा घ्या' एवढंच उत्तर मिळतं, जे महागही आहे आणि चूकही. सुट्या बादल्या एल्बोसकट विकत मिळत असतील तर आमचा सल्ला त्याच घ्यायचा: पंप कूलरचा चालतो, पाइप आणि हुक सियागंजच्या बाजारातून, टाकी झाकण असलेल्या कुठल्याही काळ्या ड्रमची. पूर्ण संच त्यानेच घ्यावा ज्याला भोकं पाडणं आणि जोड शोधणं जमत नाही.

हंगाम संपल्यावर वेल बुंध्याशी कापा, सुतळीसकट उतरवा. नायलॉनच्या जाळीपेक्षा सुतळी बरी ती यासाठीही, कारण वेलीतून ती सोडवत बसावं लागत नाही, सगळं एकत्र खताच्या ढिगात जातं. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात याच शहरात काम करताना जी कंपोस्टची रीत बसवली, तिला जगभर इंदूर पद्धतच म्हणतात: काडीकचऱ्याचे आणि शेणाचे थर, ओल, आणि वेळोवेळी उलथणं. मुळांनी भरलेलं कोकोपीटही दोन पिकांनंतर त्यातच टाका. परलाइट चाळून घ्या. बादल्या, एल्बो आणि नळ्या पातळ ब्लीचच्या पाण्यात अर्धा तास बुडवून, साध्या पाण्याने दोनदा धुवून उन्हात वाळवा, आणि मायक्रोट्यूब एकेक करून फुंकून पाहा, कारण पुढच्या पेरणीला बंद नळी सापडते ती बहुधा बी उगवल्यानंतरच.